येजाते

सोमवार, ३ फेब्रुवारी

लेखिका यांस,

आपल्या कथासंग्रहाची पहिली प्रुफं वाचून झाली. नऊ कथा, एकशे बारा पानं. नात्यांच्या आणि माणसं बदलत जाण्याच्या कथा आहेत, असं प्रकाशकांनी सोबत पाठवलेल्या कागदावर लिहिलंय. मी या प्रेसची मुद्रितशोधक आहे, मला ऱ्हस्व-दीर्घापलीकडे मत नसतं. काही शंका आहेत तेवढ्या कळवते.

तिसऱ्या कथेतला घड्याळजी पान १९ वर डावखुरा आहे आणि पान २३ वर उजव्या हातात चिमटा धरतो. मधल्या चार पानांत त्याची बायको त्याला सोडून जाते हे खरं, पण बायको गेली म्हणून कोणी उजवा होत नाही. कोणता हात ठेवायचा ते सांगावं.

पुस्तकाचं नाव ‘शिवणीतली माया’. आमच्या ऑपरेटरला वाटलं, माया म्हणजे प्रेम. मी त्याला समजावलं की पुढे कपडा सैल करता यावा म्हणून शिंपी शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. तर पहिल्या पानावर तळटीप द्यायची का? माझ्या मते देऊ नये. कळायचं त्याला कळेल.

सहावी कथा ‘मोठी’, पान ४७, शेवटची ओळ. घर सोडून निघालेली धाकटी बहीण उंबऱ्यात उभी राहून ‘येजाते’ म्हणते. असा शब्द कोशात नाही. येते की जाते? काय ते एक कळवावं.

पान ६१ वरच्या एका वाक्याबद्दलही विचारायचं होतं. पण त्यात शुद्धलेखनाची चूक नाही, म्हणून विचारत नाही.

पुस्तक अठ्ठावीस तारखेला छपाईला जाणार आहे. उत्तर प्रेसच्या पत्त्यावर यावं.

आपली,
मुद्रितशोधक


सोमवार, १० फेब्रुवारी

टाचणी,

मागचं पत्र मी ऑपरेटरकडून टाईप करून घेतलं होतं. माझं अक्षर तू पाकिटावरच ओळखलं असतंस आणि पाकीट न फोडता कुठेतरी कोपऱ्यात टाकलं असतंस. हे हाताने लिहितेय. आता टाक हवं तर.

तुझं उत्तर शनिवारी आलं. ‘घड्याळजी डावखुराच ठेवावा. तळटीप नको. पान ४७ वरचा शब्द आहे तसाच ठेवावा, आमच्या घरी असाच म्हणत.’ आमच्या घरी. मी ते तीनदा वाचलं. त्या घरात आता मी एकटी राहते, आणि मी तर तसं कधीच म्हटलं नाही.

ओळखलं कधी म्हणशील तर फार उशिरा. पहिल्या पाच कथा मी परक्या बाईच्या म्हणून वाचल्या. टोपणनाव असं घेतलंस की त्यात आपल्या घरातला कानामात्राही नाही. एका खोलीत राहून वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या त्या दोन मैत्रिणींची गोष्ट वाचून मी ऑपरेटरला म्हणालेसुद्धा, बाई हुशार आहेत, फक्त स्वल्पविराम कुठे द्यायचा ते यांना कोणी शिकवलेलं दिसत नाही. शिकवलं होतं गं. मीच शिकवलं होतं. तेव्हाही तू ऐकलं नव्हतंस.

मग सहावी कथा आली. जिन्याखाली शिंप्याचं दुकान, वर दोन खोल्या, दोन मुली. मनात पाल चुकचुकली, पण शिंप्याचं दुकान काय, कितीतरी जिन्यांखाली असतं, असं म्हणून वाचत राहिले. आणि पानाच्या शेवटच्या ओळीत ‘येजाते’ दिसलं तेव्हा माझ्या हातातला चहा प्रुफांवर सांडला. दोन पानं पुन्हा काढून घ्यावी लागली. तीस वर्षांत माझ्या टेबलावर पहिल्यांदा काही सांडलं म्हणून मालक रागवायचं सोडून ‘तब्येत बरी आहे ना’ विचारायला लागले.

तुला आठवत असेल की नाही कोण जाणे, तू साडेचार वर्षांची होतीस. आई दवाखान्यात जायला निघाली तेव्हा दारात ‘येते गं’ म्हणाली, आणि आली नाही. त्यानंतर शाळेत जाताना तू ‘येते’ म्हणेनास. काही केल्या नाही. आणि ‘जाते’ म्हणालीस की बाबांच्या हातातली कात्री थांबायची. निघताना जाते म्हणू नये, एवढी एकच गोष्ट ते तुला रागावून सांगायचे. शेवटी एक दिवस तू दोन्ही एकत्र केलंस. ‘येजाते’ म्हणालीस आणि दाणदाण जिना उतरून गेलीस. बाबा हसले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले. मग घराला तोच शब्द लागला. गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला निघाले की बाबा टेप गळ्यात टाकून म्हणायचे, ‘येजातो हं.’ मी बारा वर्षांची. मला तो शब्द अशुद्ध वाटायचा. मी आपली ‘येते’च म्हणत राहिले. बाबा तुला टाचणी आणि मला पट्टी म्हणायचे ते काही उगाच नाही.

पुढचं पान उलटायला मला अर्धा दिवस लागला. तू घर सोडलंस त्या दिवशी उंबऱ्यात काय झालं ते आपल्या दोघींनाच ठाऊक होतं, आणि आता ते छापून येणार होतं. बाबांना झटका येऊन तीन आठवडे झाले होते. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. तुझी नोकरी आधीच ठरलेली, लांबच्या शहरातली, आणि ते लोक आणखी थांबायला तयार नव्हते. तू बॅग घेऊन दारात आलीस. तोंड उघडलंस. आणि मी म्हणाले, ‘जायचं तर जा. पण तो शब्द म्हणू नकोस. यायचं ते यायचं आणि जायचं ते जायचं.’ तू तोंड मिटलंस आणि जिना उतरलीस. दाणदाण नाही, हळू. एकेक पायरी मी मोजली.

आणि पुस्तकात काय? पुस्तकात धाकटी ‘येजाते’ म्हणते, आणि मोठी हातातली उशी सारखी करता करता म्हणते, ‘ये.’ झालं. पुढचा परिच्छेद सुरू.

अगं, मला चार शिव्या घातल्या असत्यास तर मी त्यांचं शुद्धलेखन तपासून मोकळी झाले असते. हे काय केलंस? बाबांसारखीच शिवणीत माया सोडून ठेवलीस, माझ्या मापापेक्षा किती जास्त. कथेचं नाव ‘मोठी’ ठेवलंस. मी फक्त वयाने आहे.

सहाव्या कथेची प्रुफं या पाकिटात सोबत आहेत. पान ४८ वर मी ‘ये’ला खूण करून समासात खरं वाक्य लिहिलंय, जे मी तेव्हा म्हणाले ते. तेच घाल. मी हरकत घेणार नाही.

पट्टी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

टाचणी,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं लिहितेय. मागच्या पत्रात मी पान ४८ बद्दल एवढं लांबलचक लिहिलं ते पान ६१ टाळायला. तुला वाटलं असेल, ताई किती मोकळी झाली. नव्हते झाले. जी चूक तुला माहीतच होती ती कबूल करायला काय लागतं?

त्याच कथेचं पान ६१, शेवटून तिसरी ओळ. ‘वडील मला विसरले होते. त्यांच्यापुरतं ते बरंच झालं, आणि माझ्यापुरतंही.’ वाक्य शुद्ध आहे. विरामचिन्हंदेखील, नवल म्हणजे, जागच्या जागी आहेत. पण ते चुकीचं आहे, आणि चुकीचं आहे हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच उरलंय.

तू गेल्यावर पाचव्या महिन्यात बाबांना थोडी वाचा परत आली. तीन शब्द. ‘हां’, ‘पाणी’ आणि ‘येजाते’. नीट वाच. येजातो नाही, येजाते. सकाळी मी त्यांना खुर्चीत बसवायचे. खुर्ची त्यांना जिन्याच्या तोंडाशीच लागायची, दुसरीकडे ठेवली की चांगला पाय जमिनीवर आपटत बसायचे. जिन्यावर पाऊल वाजलं की म्हणायचे, ‘येजाते?’ असं, विचारल्यासारखं. वर आलेला दूधवाला आहे असं दिसलं की मान खाली. मग पुढचं पाऊल वाजेपर्यंत तशीच.

त्याच महिन्यात तुझा फोन आला. त्या दिवशी सकाळपासून ते चारदा म्हणाले होते. तू विचारलंस, ‘ताई, बाबा माझं नाव घेतात का? घेत असतील तर मी इथलं सगळं सोडून येते.’ मी म्हणाले, ‘नाही. नाव घेत नाहीत.’

अक्षरशः खरं होतं ते. तुझं नाव त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. मी एक काना इकडचा तिकडे केला नाही. इतकं शुद्ध खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही. तू ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी वळले तर बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं असेल की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि रोज वाटतं की कळलं असेल.

का केलं ते सांगते. मी त्यांना भरवायचे, पुसायचे, कूस बदलून द्यायचे, दाढी करायचे. एकदा गालाला कापलं तर मीच रडले. आणि त्यांच्याकडे उरलेल्या तीन शब्दांत एकही माझा नव्हता. पाणीसुद्धा ते भिंतीकडे बघून मागायचे. मला तुझा हेवा वाटला, टाचणी. तू लांब जाऊनही घरात होतीस आणि मी घरात असून नव्हते. तू जिना चढून आली असतीस आणि त्यांचा चेहरा कसा झाला असता, ते मला बघवलं नसतं. तुझ्या नोकरीचं नुकसान होईल, तू येऊन करणार काय, वगैरे मी पुढे मनाशी जुळवलं. ते सगळं नंतरचं. आधी होता तो नुसता हेवा.

त्यानंतर नऊ महिने ते होते. नऊ महिने रोज मी ठरवायचे की आज फोन करीन. तू आलीस ती ते गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. दोन तास बसलीस. जिन्याच्या तोंडाशी, त्याच खुर्चीत. तुला काय माहीत असणार. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर ‘पाणी देऊ का?’ तू नको म्हणालीस आणि गेलीस. येते नाही, जाते नाही, काहीच नाही.

दहा वर्षं होतील. या दहा वर्षांत तू त्या वाक्याशी कशी राहिलीस ते मला आता कळतंय, कारण तू ते इतकं नीटनेटकं लिहिलंयस. एवढी घासूनपुसून घेतलेली दुसरी ओळ अख्ख्या पुस्तकात नाही.

ते छापू नकोस. हवं तर माझ्यावर दुसरी कथा लिही, यातलं सगळं घालून. मी तीही डोळ्यांत तेल घालून तपासून देईन आणि एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही.

माफ कर असं लिहिणार होते. पण ते तू ठरवायचं, मी मागण्यात काही अर्थ नाही.

पट्टी


मंगळवार, २५ फेब्रुवारी

टाचणी,

अकरा दिवस झाले. मालक रोज सकाळी टेबलाशी येऊन विचारतात, सहाव्या कथेमुळे सगळं अडलंय, बाईंचं काय झालं? मी सांगते, बाई विचार करतायत. ‘प्रुफांवर एवढा कसला विचार?’ म्हणाले. मी म्हटलं, लेखक माणूस आहे, चालायचंच.

तुझा फोन नंबर प्रकाशकांकडे आहे. मी मागितला नाही. फोनवर मी काय करते ते एकदा पाहिलंय.

रविवारी कपाट आवरायला काढलं. म्हणजे कपाट आवरायचं निमित्त केलं आणि तुझा निळा फ्रॉक शोधला. बाबांनी तो तुला चार वर्षं पुरवला. दर वर्षी शिवण उसवायची, आतली थोडी माया सोडायची, पुन्हा शिवायचं. उसवलेल्या शिवणीच्या चार रेघा अजून दिसतात, जिथे कापड आत राहिलं होतं तिथे रंग गडद आहे. शेवटी आत काही उरलं नाही तेव्हा त्यांनी कमरेला पिवळी पट्टी जोडली, आणि तू आठवडाभर माझ्याशी भांडलीस की ही पट्टी ताईचीच कल्पना आहे. होती माझीच. छान दिसत होतीस तू.

उद्या संध्याकाळपर्यंत मी सहावी कथा धरून ठेवते. परवा सकाळी ती द्यावीच लागेल, आहे तशी. लोकांच्या हजारो ओळी मी न विचारता सरळ केल्यात, पण ही एक मला हलवता येत नाही. चूक माझी असली तरी मजकूर तुझा आहे. न बदलता दे म्हणालीस तर न बदलता देईन. पण काहीतरी म्हण.

पट्टी


गुरुवार, २७ फेब्रुवारी

टाचणी,

काल संध्याकाळी मालकांपुढे हात जोडून आजची दुपार मागून घेतली, आणि साडेदहाला तुझी प्रुफं आली. माझा जीव भांड्यात पडला. पाकीट उलटं करून झटकलं, आत हात घालून पाहिला. पत्र नाही. चिठ्ठीसुद्धा नाही. मग खुर्चीत बसून एकेक पान पाहिलं.

आधी पान ६१ काढलं. ते वाक्य तू इतकं दाबून खोडलंस की कागद फाटलाय आणि खालच्या पानावर रेघ उमटलीय. त्याच्याखाली नवीन ओळ, अक्षर जरा वाकडं: ‘वडिलांकडे शेवटी तीनच शब्द उरले होते. त्यातला एक मी होते.’ बस. मोठीबद्दल एक अक्षर नाही. फाटलेल्या जागेवरून मी बोट फिरवलं. तो राग माझ्यासाठी आहे, मला तो पोचला, आणि तो तसाच राहू दे. एका पत्राने जावा एवढा स्वस्त तो नसणारच.

पान ४८ वर मी समासात लिहिलेलं खरं वाक्य तू काट मारून काढलंस आणि बाजूला लिहिलंस, ‘असू दे.’ म्हणजे पुस्तकात मोठी ‘ये’च म्हणणार. मी बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले. हे ‘असू दे’ रागाचं की कंटाळ्याचं की आणखी कशाचं, ते अक्षरावरून कळेना. तुझं अक्षर मी लहानपणी वळवून घेतलं तेव्हाच थोडं सैल सोडायला हवं होतं.

मग पान ४७. समासात माझा पहिला प्रश्न पेन्सिलीने तसाच होता: येते की जाते? त्याचं उत्तर तू महिन्याच्या सुरुवातीलाच दिलं होतंस, शब्द आहे तसा ठेवावा म्हणून. तरी त्याच्यापुढे आता पेनाने लिहिलेलं होतं: ‘येते.’

माझं लक्ष त्या शब्दाकडे आणि ऑपरेटरचं माझ्या खांद्यावरून त्या पानाकडे. आज्ञाधारक माणूस आहे तो. मी डोळे पुसेपर्यंत त्याने मजकुरातलं ‘येजाते’ काढून ‘येते’ घातलंसुद्धा. मी म्हणाले, ‘अहो, ती दुरुस्ती नाही.’ तो म्हणाला, ‘मग काय आहे? बाईंनी स्वच्छ लिहिलंय.’ मी म्हणाले, ‘ते पुस्तकासाठी नाही. माझ्यासाठी आहे.’ तीस वर्षांत मी त्याच्याशी कामाशिवाय बोललेले नाही. त्याने गुपचूप जुना शब्द परत घातला. मी तीनदा तपासला. बरोबर आहे, म्हणजे चुकीचा आहे, आपल्या घरी होता तसा.

स्वल्पविराम अकरा ठिकाणी अजून चुकलेत. ते मी लावलेत. त्यावर वाद घालायला प्रत्यक्ष भेटावं लागेल.

आता माझी अडचण ऐक. उद्या पुस्तक छापलं जाईल आणि पान ४८ वर मोठी ‘ये’ म्हणेल. मी तसं म्हटलेलं नाही. चुकीचं काही छापून जाऊ नये म्हणून मी इतकी वर्षं या खुर्चीत बसले, आणि हे चुकीचं आहे हे तर मला पक्कं ठाऊक आहे. तू मजकूर बदलू देत नाहीस. तेव्हा मलाच बदलावं लागणार, आणि तेही आजच, पत्रपेटी उघडायच्या आत.

कधी येणार ते तू लिहिलं नाहीस. कधीही ये. खालच्या दुकानात आता किल्ल्या करणारा बसतो, त्याला विचारत बसू नकोस, सरळ वर ये. चौथी पायरी हलते, जपून. खुर्ची जिथे होती तिथेच आहे. दाणदाण चढलीस तरी चालेल, मला आतपर्यंत ऐकू यायला हवं.

आणि आता पान ४८, ओळ पहिली, अकरा वर्षं उशिरा, पण माझ्या स्वतःच्या हाताने:

ये.

तुझी,
ताई